द्राक्षवेलीवरील वेगळी फांदी: उत्परिवर्तन कसे ओळखावे, कसे पडताळावे आणि कसे टिकवावे

सजीवांमधील विविधता मुख्यतः दोन वाटांनी येते. नर आणि मादी यांच्या जनुकांची प्रत्येक पिढीत नव्याने जुळणी होते, ही पहिली वाट. आणि जनुक ज्या डीएनएने घडलेले असते त्या डीएनएमध्येच बदल होतो, ही दुसरी. या दुसऱ्या वाटेला उत्परिवर्तन म्हणतात. पहिल्या वाटेवर ज्या जनुकरूपांची जुळणी होते ती रूपेसुद्धा मुळात कधी ना कधी उत्परिवर्तनानेच निर्माण झालेली असतात. बियांपासून वाढणाऱ्या पिकात या दोन्ही वाटा इतक्या मिसळलेल्या असतात की एखादे झाड वेगळे का निघाले हे नुसते पाहून सांगता येत नाही. द्राक्षाची बाग या बाबतीत अभ्यासाला फार सोयीची आहे. बागेतील प्रत्येक वेल काडीपासून वाढवलेला असतो, त्यामुळे थॉम्पसन सीडलेस या बिनबियांच्या जातीचे जगभरातील सगळे वेल हे तत्त्वतः एकाच मूळ वेलाचे तुकडे आहेत, आणि ते बियांपासून वाढवलेच जात नसल्यामुळे जनुकांच्या फेरजुळणीला त्यांच्यात वावच नाही. अशा वेलावर एखादी फांदी खरोखर वेगळी निघाली आणि ते वेगळेपण पुढच्या कलमांतही उतरले, तर त्यामागे बहुतेक वेळा उत्परिवर्तनच असते.

महाराष्ट्राच्या द्राक्षशेतीने याचा मोठा लाभ घेतलेला आहे. सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यातील बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉम्पसन सीडलेसमधून निवडलेली तास-ए-गणेश ही जात राज्यभर पसरली. सोलापूर जिल्ह्यातील नान्नज येथे नानासाहेब काळे यांनी लांबट मण्यांची सोनाका ही जात निवडली, आणि किशमिश चोर्नी या काळ्या जातीतून शरद सीडलेस पुढे आणली. या निवडी प्रयोगशाळेत झाल्या नाहीत. रोज बागेत फिरणाऱ्या डोळस शेतकऱ्यांनी त्या केल्या. प्रत्येक हंगामात अशा कितीतरी फांद्या बागांमधून येत असतील आणि छाटणीच्या कात्रीखाली जात असतील असे मला वाटते, आणि म्हणूनच हे काम नेमके कसे करावे हे सविस्तर लिहीत आहे.

डोळ्याच्या आत काय घडते

वेलाच्या डोळ्यात, म्हणजे काडीवरील कळीत, वाढीचा एक सूक्ष्म बिंदू असतो. तेथील पेशींचे सतत विभाजन होते आणि दर विभाजनापूर्वी पेशीतील सगळ्या डीएनएची नक्कल केली जाते. द्राक्षाच्या पेशीत ३८ गुणसूत्रे, म्हणजे १९ जोड्या असतात, आणि एका संचाच्या डीएनएत सुमारे ५० कोटी अक्षरे, म्हणजे रासायनिक घटक, असतात. एवढ्या मोठ्या नकलेत चुका होतात. पेशीची दुरुस्ती यंत्रणा त्यांतील बहुतेक सुधारते, काही मात्र राहून जातात. राहिलेल्या चुकांपैकी बऱ्याचशा अशा जागी पडतात की त्यांचा डोळ्यांना दिसेल असा काहीही परिणाम होत नाही. क्वचित एखादी चूक रंग, आकार, पक्वता किंवा बीजधारणा ठरवणाऱ्या जनुकात पडते, आणि त्या पेशीच्या वंशातून पुढे वाढलेली फांदी वेगळी दिसू लागते.

अशा बदलांचे प्रकार समजून घेतले की बागेत काय शोधायचे हेही कळते. पहिला प्रकार म्हणजे एका अक्षराची अदलाबदल. थॉम्पसनचा बिनबियांचा गुण स्वतःच अशा बदलाचे उदाहरण आहे. बियांच्या कवचाच्या जडणघडणीत भाग घेणाऱ्या एका जनुकातील एक अक्षर बदलल्यामुळे फलन होऊनही बी अर्ध्यावर खुरटते आणि मण्यात तिचा मऊ अवशेषच उरतो. दुसरा प्रकार उड्या मारणाऱ्या जनुकांचा. डीएनएचे काही तुकडे आपली जागा सोडून किंवा आपली प्रत काढून दुसरीकडे शिरतात. काळ्या द्राक्षांपासून पांढरी द्राक्षे निर्माण होण्यात अशाच एका तुकड्याचा मोठा वाटा आहे. सालीत रंगद्रव्य तयार करण्याचा हुकूम देणाऱ्या जनुकाच्या तोंडाशीच तो तुकडा शिरल्यामुळे ते जनुक बंद पडले. पुढे इटालिया या पांढऱ्या जातीच्या वेलावर ब्राझीलमध्ये लाल मण्यांची फांदी आली, जी आज रुबी ओकुयामा या नावाने ओळखली जाते. तिच्या डीएनएमध्ये हा घुसखोर तुकडा बहुतांशी निघून गेलेला आढळला आणि रंगाचे जनुक पुन्हा चालू झालेले दिसले. तिसरा प्रकार गुणसूत्रांचा संपूर्ण संच दुप्पट होण्याचा. अशा फांदीची पाने जाड, पेरे आखूड आणि मणी ठळकपणे मोठे असतात, मात्र फळधारणा पुष्कळदा विरळ होते.

एक गोष्ट येथे स्पष्ट सांगितली पाहिजे. वेलाला दुष्काळ सोसायचा आहे म्हणून दुष्काळ सोसणारा बदल घडत नाही, आणि बाजारात लांब मण्यांना भाव आहे म्हणून मणी लांब होत नाहीत. बदल आंधळेपणाने घडतो. त्यातील कोणता टिकावा हे निसर्गात परिस्थिती ठरवते आणि बागेत माणूस ठरवतो. अमेरिकन शास्त्रज्ञ हर्मन म्युलर यांनी १९२७ मध्ये क्ष-किरणांनी फळमाश्यांमध्ये उत्परिवर्तने घडवून दाखवली. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात त्याच तत्त्वावर भुईमुगाचे काम झाले आणि त्यातील टीजी-१ हे वाण १९७३ मध्ये प्रसारित झाले. किरणोत्साराने बदलांची संख्या वाढते, पण दिशा तरीही माणसाच्या हाती येत नाही; हजारो झाडे पाहून निवड करावीच लागते.

पाहणी केव्हा आणि कशी करावी

वर्षभर नुसते लक्ष ठेवण्यापेक्षा ठरावीक अवस्थांत ओळीओळीने फिरणे अधिक उपयोगी पडते. फळांसाठी केलेल्या ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे फुटताना लवकर किंवा उशिरा फुटणाऱ्या काड्या दिसतात. फुलोऱ्यात घडाची ठेवण आणि मणी धरण्याचे प्रमाण कळते. मण्यात पाणी उतरू लागले, म्हणजे मणी मऊ होऊन पिकू लागले, की रंगातील आणि पक्वतेतील फरक उघड होतो. ही अवस्था सर्वांत महत्त्वाची आहे, कारण आठ-दहा दिवस आधी पिकणारी फांदी याच वेळी शेजारच्या घडांपासून वेगळी ओळखू येते, नंतर सगळेच घड एकसारखे दिसू लागतात. शेवटची फेरी काढणीच्या तोंडावर करावी. पाहणी सकाळच्या उन्हात, मंडपाखाली वाकून, एकाच बाजूने करावी, म्हणजे उजेडाचा फरक रंगाचा फरक वाटणार नाही.

वेगळा घड दिसला की तो हातात धरून मागे मागे जावे. तो घड कोणत्या फुटीवर आहे, ती फूट कोणत्या काडीच्या कितव्या डोळ्यातून आली, ती काडी ओलांड्यावर (मंडपावर आडव्या पसरवलेल्या मुख्य फांदीवर) कोठून निघाली, आणि त्याच काडीवरील इतर फुटींचे घड कसे आहेत, हे क्रमाने तपासावे. वेगळेपण एकाच फुटीपुरते असेल तर बदल त्या एका डोळ्यात झाला असण्याची शक्यता आहे. काडीवरच्या सगळ्या फुटी वेगळ्या असतील तर तो त्याआधीच्या छाटणीपूर्वीचा असू शकतो. संपूर्ण वेल वेगळा असेल तर उत्परिवर्तनाआधी रोपवाटिकेतील मिसळीचा संशय घ्यावा. एका मण्यावर केवळ उभा रंगीत पट्टा किंवा घडाच्या एकाच पाकळीत (लहान उपफांदीत) वेगळे मणी दिसले, तर बदल फार उशिरा आणि फार थोड्या पेशींत झालेला आहे. अशा बदलापर्यंत पोहोचेल असा डोळा सहसा हाती लागत नाही.

फूट सापडताच तिच्या बुडाशी पक्क्या रंगाची पट्टी बांधावी, ओलांड्यावर ऑइल पेंटची खूण करावी, ओळ व वेल क्रमांक वहीत लिहावा आणि शेजारच्या नेहमीच्या घडासह एकाच चौकटीत, मोजपट्टी ठेवून, छायाचित्र काढावे. केवळ वेगळ्या घडाचे छायाचित्र पुढे काहीच सिद्ध करत नाही.

उत्परिवर्तन वाटणाऱ्या पण नसलेल्या गोष्टी

या टप्प्यावर घाई केली जाते आणि फसगत होते, म्हणून येथे थोडे रेंगाळणे आवश्यक आहे. द्राक्षात मण्याचा आकार जीएच्या (जिबरेलिन या संजीवकाच्या, म्हणजे वाढ नियंत्रित करणाऱ्या द्रव्याच्या) मात्रेने, गर्डलिंगने (खोडाची किंवा काडीची साल गोलाकार काढण्याने), मण्यांच्या विरळणीने आणि घडांच्या संख्येने सहज बदलतो. जीएने मणी लांब होतो. एखाद्या फुटीवरील घडाचे डिपिंग (जीएच्या द्रावणात बुडवणे) दोनदा झाले तरी तो घड नव्या जातीचा वाटू शकतो. पुढच्या हंगामात खूण केलेल्या फांदीवरील दोन-तीन घड आणि त्याच वेलाच्या नेहमीच्या फांदीवरील तितकेच घड संजीवकांशिवाय, गर्डलिंगशिवाय, सारख्याच विरळणीवर वाढवावेत. त्यानंतरही लांबीतला फरक कायम राहिला तरच पुढचे कष्ट घ्यावेत. ही एक चाचणी बहुतेक संशयित फांद्या बाद करते, आणि ते चांगलेच आहे.

जस्ताच्या कमतरतेने पाने लहान व घडात बारीक मणी राहतात, बोरॉनच्या कमतरतेने शॉट बेरीज (न वाढलेले बारीक मणी) वाढतात, आणि शेजारच्या शेतातून उडालेल्या २,४-डी तणनाशकाने पाने पंख्यासारखी, टोकदार दातांची होतात. ही लक्षणे सहसा एका फुटीवर न थांबता अनेक वेलांवर, वाऱ्याच्या किंवा जमिनीच्या पट्ट्याप्रमाणे दिसतात. कलमाच्या जोडाखालून आलेली खुंटाची (ज्या मुळावर कलम केले त्या वेलाची) फूट हीसुद्धा नेहमीची फसवणूक आहे. डॉगरिज या खुंटाच्या जातीची फूट मंडपापर्यंत चढली तर तिची पाने पाहून नवी जात मिळाल्याचा भास होतो. म्हणून फुटीचे मूळ जोडाच्या वर आहे की खाली, हे खोडावर हात फिरवून पाहावेच.

विषाणूंचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. पाने गुंडाळणाऱ्या विषाणूमुळे काळ्या जातींची पाने शिरा हिरव्या राहून लाल होतात, कडा खाली वळतात, आणि मण्यांना रंग उशिरा व फिका येतो. हा विषाणू मिलीबग या पिठ्या किडीमुळे पसरतो आणि काडीबरोबर कलमातही जातो. त्यामुळे ‘कलमात गुण उतरला’ एवढ्यावरून उत्परिवर्तन सिद्ध होत नाही. दोघांत फरक असा की संशयित फांदीचा डोळा निरोगी वेलावर बसवला, तर विषाणू कालांतराने त्या संपूर्ण वेलात पसरतो, उत्परिवर्तन मात्र बसवलेल्या डोळ्यातून वाढलेल्या भागापुरतेच राहते. अशी परीक्षा मौल्यवान वेलावर घेऊ नये, आणि शक्य असेल तेथे प्रयोगशाळेतून विषाणू तपासणी करून घ्यावी.

खरड छाटणीत ती फांदी वाचवणे

आपल्याकडच्या दुहेरी छाटणीच्या पद्धतीत (एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये फळछाटणी) खरा धोका एप्रिलमध्ये असतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी होते, वेगळेपण त्याच वेळी लक्षात येते, आणि त्यानंतर काही आठवड्यांतच खरड छाटणीत ओलांड्यापर्यंत सगळे छाटले जाते. बदल ऑक्टोबरमध्ये फुटलेल्या एका डोळ्यातील असेल, तर ओलांड्यालगतचा एक डोळा राखून केलेली नेहमीची छाटणी त्या बदलाच्या खालून जाते आणि बदललेला सगळा भाग जमिनीवर पडतो. छाटणी करणाऱ्या मजुरांना आधी सांगून ठेवावे, आणि खूण केलेला वेल शक्यतो स्वतःच्या हाताने छाटावा.

त्या वेलावर छाटणी अशी करावी की वेगळ्या फुटीवरचेच तीन-चार पक्व डोळे राहतील, मग त्यासाठी काडी बेढब लांब राहिली तरी हरकत नाही. त्याच वेलाच्या इतर काड्या नेहमीप्रमाणे छाटाव्यात, पण राखलेल्या फुटीशेजारच्या एक-दोन काड्या आखूड ठेवाव्यात, म्हणजे तिला उजेड व अन्न मिळेल. या डोळ्यांतून एप्रिलनंतर ज्या काड्या वाढतील त्यांना बुडापासून क्रमांक द्यावेत, कारण त्या सगळ्या सारख्या निघतीलच असे नाही.

त्या सारख्या का निघत नाहीत, हे वाढबिंदूच्या रचनेवरून समजते. द्राक्षाच्या वाढबिंदूत पेशींचे दोन थर असतात. बाहेरच्या थरापासून साल व पानाचा वरचा पापुद्रा बनतो, तर आतल्या थरापासून गर, मुळे आणि प्रजनन पेशी बनतात. उत्परिवर्तन एकाच थरात झाले तर वेल दोन जनुकीय प्रकारांचा मिळून बनलेला असतो. पिनो म्यूनिये ही फ्रान्समधील जुनी जात याचे बोलके उदाहरण आहे. तिच्या कोवळ्या पानांवर पांढरी लव असते आणि त्यामागचा बदल फक्त बाहेरच्या थरात आहे. शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत दोन्ही थर वेगळे करून त्यांपासून रोपे वाढवली तेव्हा आतल्या थराचे रोप तिच्या मूळ जातीसारखे, म्हणजे पिनो न्वारसारखे, निघाले, तर बाहेरच्या थराचे रोप बुटके झाले आणि ताण्यांच्या (आधाराला वेटोळे घालणाऱ्या तंतूंच्या) जागी घड धरू लागले. बदललेले जनुक जिबरेलिनला, म्हणजे आपण जीए म्हणून वापरतो त्याच संजीवकाला, मिळणाऱ्या प्रतिसादाशी संबंधित होते. अशा दुथरी वेलाच्या काही काड्या मूळ रूपाकडे परत जाऊ शकतात. रंगाच्या बदलांत हे विशेष जपावे लागते, कारण रंग सालीचा असतो आणि आतला थर जुनाच असू शकतो.

कलम करून पडताळणी

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, खुंटावर पाचर कलम करण्याच्या नेहमीच्या काळात, क्रमांक दिलेल्या काड्यांवरून डोळे घ्यावेत. बुडाचे, मधले आणि टोकाकडचे डोळे वेगवेगळे ठेवावेत आणि प्रत्येक कलमावर कोणत्या काडीचा कितवा डोळा आहे याची धातूची पट्टी बांधावी. तुलनेसाठी मूळ जातीची कलमे त्याच दिवशी, त्याच खुंटावर, त्याच माणसाकडून करून घ्यावीत. लागवड करताना नव्या निवडीची एक सलग ओळ आणि जुन्या जातीची दुसरी ओळ असे न करता दोन्ही आलटून पालटून लावावीत. जमिनीतील फरक, ठिबकच्या टोकाला कमी होणारा दाब, बांधाची सावली, यांचा परिणाम मग दोन्हींवर सारखा होतो आणि जो फरक उरतो तो वेलाचा असतो.

मोजमाप मोजक्या गोष्टींचे पण न चुकता करावे. छाटणी, फुलोरा, पाणी उतरणे आणि काढणी यांच्या तारखा, १०० मण्यांचे वजन, पंचवीस-तीस मण्यांची लांबी व व्यास, रिफ्रॅक्टोमीटरवर ब्रिक्स (रसातील साखरेचे प्रमाण), घडांची संख्या, आणि काढणीनंतर मणी देठाला किती घट्ट राहतात, एवढे पुरेसे आहे. मणी निवडताना घडाच्या खांद्याचे, मधले आणि टोकाचे सारख्या प्रमाणात घ्यावेत. उत्तम दिसणारे मणी निवडण्याचा मोह आपल्या निवडीच्या बाबतीतच अधिक होतो, म्हणून मणी तोडण्याचे काम कोणते वेल नवीन आहेत हे माहीत नसलेल्या व्यक्तीला द्यावे. कमीत कमी दोन फळहंगाम, शक्यतो तीन, पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. एक हंगाम अवकाळी पावसाचा आणि दुसरा कोरडा मिळाला तर अधिकच बरे. त्यानंतर या कलमांवरून पुन्हा काड्या घेऊन दुसरी पिढी करावी. दुसऱ्या पिढीतही सगळी कलमे एकसारखी निघाली तर बदल स्थिर आहे असे मानण्यास आधार मिळतो.

डीएनए तपासणीकडून योग्य तेवढीच अपेक्षा ठेवावी. जाती ओळखण्यासाठी वापरले जाणारे नेहमीचे डीएनए ठसे जीनोममधील थोड्याच ठिकाणांची तुलना करतात. नवी निवड आणि थॉम्पसन यांचे ठसे जुळले तर शेतकरी निराश होतात, पण या कामात जुळणे हीच अनुकूल गोष्ट आहे: फांदी त्याच वेलाची आहे आणि बाहेरच्या जातीची मिसळ झालेली नाही, एवढे त्यातून कळते. ठसे जुळले नाहीत तर तो वेल वेगळ्या जातीचा आहे आणि उत्परिवर्तनाचा प्रश्न तेथेच संपतो. या टप्प्यावर पुण्याजवळील मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा किंवा जवळच्या कृषी विद्यापीठाचा सल्ला घेणे उचित ठरेल.

नोंदणीविषयी

निवड स्थिर ठरली तर वनस्पती जाती व शेतकरी हक्क संरक्षण कायदा, २००१ नुसार तिची नोंदणी करता येते. त्यासाठी वेगळेपणा, एकसारखेपणा आणि स्थिरता दाखवावी लागते, आणि नवीन जात म्हणून अर्ज करताना नावीन्यही; वर सांगितलेली वही, छायाचित्रे आणि आलटून पालटून लावलेल्या वेलांची मोजमापे तेथे थेट उपयोगी पडतात. नवीन जात म्हणून अर्ज करायचा असेल तर अर्जाच्या तारखेपूर्वी भारतात एक वर्षाहून आधी तिची विक्री झालेली नसावी. द्राक्षासारख्या वेलवर्गीय पिकांना एकूण १८ वर्षांपर्यंत संरक्षण मिळू शकते. बदल एखाद्या संरक्षित जातीच्या वेलावर झालेला असेल, तर मात्र उत्परिवर्तनातून मिळालेली निवड कायद्याच्या दृष्टीने मूळ जातीपासून साधित जात ठरू शकते आणि मूळ पैदासकाराची परवानगी लागते. परवान्यावर घेतलेल्या नव्या परदेशी जातींच्या बागांत हा मुद्दा काड्या कोणालाही देण्यापूर्वी तपासावा. ज्या मूळ वेलावर फांदी सापडली तो वेल, नोंदणी पूर्ण होईपर्यंत तरी, काढून टाकू नये.